‘कमी जोखीम’ असा शेरा असलेला अहवाल: मायक्रोआरएनए चाचणीचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यातले आहे. ओळख पटू नये म्हणून गावाचे नाव दिलेले नाही आणि घरातील काही तपशील बदलले आहेत. मी तालुक्याच्या ठिकाणी फिजिशियन म्हणून काम करतो. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, ऊन अगदी माथ्यावर असताना, ४३ वर्षांचे एक शेतकरी आपल्या पुतण्यासह माझ्याकडे आले. सात एकर कोरडवाहू जमीन, त्यात कापूस, तूर आणि सोयाबीन. अंगाने सडपातळ, मधुमेह नाही, दारू नाही. खर्रा मात्र दिवसाला तीन-चार, म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेला तो पदार्थ, जो आमच्या भागात चहाइतक्याच सहजपणे पुढे केला जातो.

त्यांचे वडील ५१ व्या वर्षी वावरातच कोसळून गेले होते. थोरला भाऊ ४६ व्या वर्षी, पोळ्याच्या आदल्या दिवशी, बैलांना आंघोळ घालून घरी आला आणि ओसरीवर बसल्याजागी गेला. पुतण्या हा त्याच भावाचा मुलगा. त्याने जैवतंत्रज्ञानात एम.एस्सी. केले आहे. काकांनाही तेच होईल ही त्याची भीती अगदी रास्त होती. त्या भीतीपोटीच त्याने मे महिन्याच्या सुरुवातीला साडेनऊ हजार रुपये भरून काकांच्या रक्ताची मायक्रोआरएनए चाचणी करून घेतली होती. तालुक्यातील संकलन केंद्रावर रक्त काढले गेले, नमुना बाहेर पाठवला गेला आणि बारा दिवसांनी चार पानांचा रंगीत अहवाल आला. पहिल्याच पानावर हिरव्या चौकटीत शेरा होता: ‘हृदयधमनी विकाराची जोखीम: कमी’.

ते माझ्याकडे दुखणे दाखवायला आले नव्हते. अहवाल चांगला आहे, तेव्हा औषधाची गरज नाही ना, एवढेच त्यांना विचारायचे होते. दुखण्याचा विषय मी काढल्यावर निघाला. मार्चमध्ये पऱ्हाटी उपटताना छातीच्या मधोमध गच्च दाबल्यासारखे व्हायचे, बांधावर दहा मिनिटे बसले की उतरायचे आणि पुन्हा चिमटा हातात घेऊन थोडे काम केले की परत सुरू व्हायचे. “गॅस हाय म्हणून सोडा पेत होतो, डॉक्टरसाहेब,” असे त्यांचे म्हणणे.

चाचणीमागचे विज्ञान

पुतण्याचा विश्वास अगदीच पोकळ नव्हता, म्हणून या विषयात थोडे खोलात जाणे भाग आहे. मायक्रोआरएनए म्हणजे साधारण २२ अक्षरी आरएनएचे तुकडे. त्यांच्यापासून प्रथिन बनत नाही. जनुकाकडून प्रथिनाचा आदेश घेऊन निघालेल्या संदेशवाहक आरएनएला ते चिकटतात आणि तो आदेश रोखतात किंवा तो संदेशच मोडून टाकतात. १९९३ मध्ये एका सूक्ष्म कृमीत असा पहिला रेणू सापडला आणि त्या शोधासाठी व्हिक्टर अँब्रोस व गॅरी रव्हकन यांना २०२४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. काकांना हे सांगताना मी कालव्यावरच्या पाटकऱ्याचे उदाहरण दिले. पाणी पाटकरी तयार करत नाही, पण कोणत्या चारीला किती सोडायचे हे त्याच्या हातात असते. एकच पाटकरी अनेक शेतांचे पाणी कमीजास्त करतो आणि एका शेतावर अनेक पाटकऱ्यांची नजर असते.

धमनीच्या भिंतीत चरबीचा थर साठून ती अरुंद होण्याच्या प्रक्रियेत, म्हणजेच अॅथेरोस्क्लेरोसिसमध्ये, हे पाटकरी पावलोपावली भेटतात. धमनीच्या आतल्या अस्तरातील मिर-१२६ (‘मिर’ म्हणजे मायक्रोआरएनए, पुढचा आकडा ही त्याची ओळख) हा पांढऱ्या पेशींना चिकटवून घेणाऱ्या एका प्रथिनाला आवर घालतो. तो कमी पडला की दाहक पेशी भिंतीत शिरण्याची वाट सोपी होते. जिथे धमनीला फाटे फुटतात आणि रक्ताचा प्रवाह भोवऱ्यासारखा होतो, तिथे मिर-९२ए वाढतो आणि अस्तराचे रक्षण करणारे घटक दाबतो. मिर-१४३ आणि मिर-१४५ ही जोडी भिंतीतील स्नायूपेशींना त्यांच्या मूळ कामाला बांधून ठेवते. सर्वांत बोलका मिर-३३. कोलेस्टेरॉल तयार करण्याचा हुकूम देणाऱ्या जनुकाच्याच पोटात तो दडलेला असतो, आणि ते जनुक जागे झाले की मिर-३३ सुद्धा बाहेर पडून पेशीतून कोलेस्टेरॉल बाहेर टाकणारा एबीसीए-१ हा पंप बंद पाडतो. म्हणजे एका हाताने कोलेस्टेरॉल बनवायचे आणि दुसऱ्या हाताने बाहेर जायचे दार लावायचे. उंदरांत मिर-३३ अडवल्यावर धमनीतला थर कमी झाला आणि माकडांत चांगले कोलेस्टेरॉल वाढले, हे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले आहे.

हे सगळे खरे आहे. पण ते भिंतीच्या आतले आहे, आणि चाचणी रक्ताची होती. रक्तातले हे रेणू हृदयातून येतात, यकृतातून येतात आणि फार मोठ्या प्रमाणात बिंबाणू (रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट) व लाल पेशींतूनही येतात. तालुक्याच्या बस स्टँडवर सकाळी किती पाटकरी दिसले, यावरून कोणाच्या शेतात पाणी कमी पडले हे सांगता येत नाही. फ्रँकफर्टमधील संशोधकांनी २०१० मध्ये हृदयधमनी विकाराच्या रुग्णांत मिर-१२६, मिर-९२ए, मिर-१४५ आणि मिर-१५५ हे रक्तात कमी आढळल्याचे मांडले. नंतरच्या अभ्यासांत यांतल्याच काहींची दिशा उलटी निघाली. त्यातही असे रुग्ण बहुधा अॅस्पिरिन आणि स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) घेत असतात आणि अॅस्पिरिनसारख्या बिंबाणूंना शांत करणाऱ्या गोळ्यांनी रक्तातले काही मायक्रोआरएनए आपोआप घटतात. आकडा आजाराचा की गोळीचा, हे वेगळे काढणे कठीण होते.

पेच

अहवालाचे तिसरे पान कोणी वाचले नव्हते. तिथे बारीक अक्षरांत दोन गोष्टी होत्या. नमुन्यात सौम्य हिमोलायसिस, म्हणजे लाल पेशी फुटल्याची खूण होती, आणि सर्व आकडे मिर-१६ च्या तुलनेत काढलेले होते.

या दोन ओळी एकत्र वाचल्या की अर्थ बदलतो. लाल पेशींत मिर-१६ आणि मिर-४५१ भरभरून असतात. पेशी फुटल्या की रक्तद्रवात मिर-१६ चढतो. तराजूत मापाचाच दगड जड झाला तर माल हलका भरणारच, तसे मिर-१६ ने भागलेले बाकीचे सगळे आकडे खाली दिसतात. या पॅनेलमध्ये जोखीम मोजली होती ती मुख्यतः मिर-२१, मिर-१३३ए अशा रेणूंच्या वाढीवरून. त्यामुळे ‘कमी जोखीम’ हा निष्कर्ष धमनीचा होता की फुटलेल्या लाल पेशींचा, हे त्या कागदावरून ठरवता येत नव्हते. नमुना ४४ अंशांच्या उन्हात दुचाकीवरून गेला होता, असे पुतण्यानेच सांगितले. बर्फाचा डबा होता, पण बर्फ कितपत टिकला हे त्याने पाहिले नव्हते. सुई बारीक असली, रक्त जोरात ओढले गेले, नळी हिंदकळली, तरी पेशी फुटतात. यात कोणाचा दोष होता हे मी शोधत बसलो नाही.

त्याहून साधी गोष्ट अशी की जोखीम मोजायची ती ज्याला अजून काही झालेले नाही त्याची. श्रम केल्यावर छाती दाबली जाणे आणि थांबल्यावर मोकळी होणे हे लक्षण सांगणारा माणूस तो टप्पा ओलांडून आलेला असतो. त्याच्यासाठी चाचणीचा प्रश्नच चुकीचा विचारला गेला होता.

मी ईसीजी काढला. विश्रांतीत तो सामान्य होता आणि तसा तो असू शकतो. रक्तदाब १४८/९२. मग त्यांना टेबलावर पालथे झोपायला सांगितले. चपला काढताना उजव्या टाचेमागची कंडरा मला जाड वाटली होती. बोटांनी चाचपल्यावर दोन्ही बाजूंना हरभऱ्यापेक्षा मोठ्या, कठीण, न दुखणाऱ्या गाठी लागल्या. “ते लहानपणापासून हाय, आमच्या भाऊलेबी होत्या,” ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी साडेतीनशे रुपयांची लिपिड तपासणी आली: एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, २१२ मिलिग्रॅम. हा आनुवंशिक कोलेस्टेरॉल विकार होता. त्यासाठी जी डच गुणपद्धत वापरतात, तिच्यात कंडरेतील गाठींना ६, या पातळीच्या एलडीएलला ३ आणि कमी वयात हृदयविकार झालेल्या वडील-भावांसाठी १ असे १० गुण झाले. ८ च्या वर गेले की निदान निश्चित मानतात. जगात अंदाजे अडीचशे माणसांत एकाला हा विकार असतो आणि बाधित आई किंवा वडिलांकडून तो मुलात उतरण्याची शक्यता निम्मी असते.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय कुटुंबाला हवा होता: अहवाल मानायचा, खर्रा कमी करायचा आणि पावसाळ्यानंतर बघायचे. दुसरा पुतण्याचा: चाचणी पुन्हा करायची, या वेळी नागपूरला जाऊन, म्हणजे नमुना खराब होणार नाही. मला त्यात अर्थ वाटला नाही. नमुना स्वच्छ असता तरी त्या आकड्यावरून अँजिओग्राफी (हृदयाच्या धमन्यांत रंगद्रव्य सोडून अडथळा पाहणे) करायची की नाही हे ठरवण्याइतकी ही चाचणी अजून पक्की झालेली नाही. तिसरा पर्याय ट्रेडमिल चाचणीचा. ती आमच्या तालुक्यात होत नाही, आणि इतक्या स्पष्ट लक्षणांत ती सामान्य आली असती तरी मी थांबलो नसतो. चौथा पर्याय म्हणजे औषधे त्याच दिवशी सुरू करून नागपूरला अँजिओग्राफीसाठी पाठवणे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत पुढचा खर्च बसू शकत होता, त्यामुळे पैशाची अडचण सुटण्यासारखी होती.

मी चौथा सुचवला. त्यावर रुग्णाचे उत्तर आमच्याकडच्या प्रत्येक डॉक्टरला पाठ आहे: “पेरणं झालं की येतो.” मृग तोंडावर होता. बियाणे घरात येऊन पडले होते.

प्रत्यक्षात काय केले

अॅस्पिरिन, अॅटोरव्हास्टॅटिन ८० मिलिग्रॅम, रक्तदाबासाठी आणि हृदयाची गती आवरण्यासाठी बीटा ब्लॉकर आणि जिभेखाली ठेवायची गोळी, एवढे लिहून दिले. खर्रा बंद करण्याबद्दल बोललो. २००४ च्या इंटरहार्ट या ५२ देशांतील अभ्यासाने हृदयविकाराच्या झटक्यांपैकी सुमारे ९० टक्के जोखीम बदलता येणाऱ्या नऊ घटकांत बसवून दाखवली होती आणि तंबाखू त्यात वरच्या क्रमांकावर होती. पुतण्याला मी हेही समजावले की स्टॅटिन दिल्यावर कोलेस्टेरॉल बनवणारे ते जनुक जागे होते आणि त्याच्यासोबत मिर-३३ सुद्धा वाढू शकतो, त्यामुळे उपचारानंतरचा वाढलेला आकडा पाहून घाबरण्याचे कारण नाही.

इथे माझ्याकडून दोन गोष्टी चुकल्या. त्या दिवशी ओपीडीत गर्दी होती, तरी मी पुतण्याशी जवळपास चाळीस मिनिटे मायक्रोआरएनएवर बोललो. त्याला कळत होते आणि मलाही रस होता. काका खिडकीपाशी बसून ऐकत होते. त्या चाळीस मिनिटांत मी नागपूरला फोन करून तारीख घेतली नाही. ‘पेरणीनंतर’ हीच तारीख ठरली.

दुसरी चूक केसपेपरवर झाली. मी माझ्या सवयीप्रमाणे वरच्या ओळीत आधीच्या तपासण्या लिहिल्या: ‘मायक्रोआरएनए पॅनेल: कमी जोखीम’. खाली माझे निदान, गुण, गाठी, सगळे होते. पण ‘हा अहवाल ग्राह्य धरू नये’ असे कुठेही नव्हते. मूळ रंगीत अहवाल त्यांनी त्या केसपेपरच्याही वर स्टेपल करून पन्नीच्या पिशवीत ठेवला.

ती रात्र

औषधे आठ दिवस नीट घेतली गेली. मग पाऊस आला. अहवाल चांगलाच आहे, मग इतक्या गोळ्या कशाला, असा विचार घरात झाला आणि जिभेखालची सोडून बाकी बंद पडल्या.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, पेरणी आटोपल्याच्या रात्री, जेवल्यानंतर बसल्याजागी छाती दाबली गेली. चाळीस मिनिटे राहिली, घाम आला, डाव्या हाताला मुंग्या आल्या. गावातल्या जीपने त्यांना जवळच्या एका रुग्णालयात नेले. तिथल्या ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरने पिशवी उघडली; वर हिरवी चौकट आणि तिच्या खाली माझ्या अक्षरातली ती ओळ. तोवर दुखणे उतरले होते. ईसीजी झाला नाही. पित्ताचे इंजेक्शन देऊन त्यांना घरी पाठवण्यात आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते माझ्याकडे आले. ईसीजीत छातीच्या पुढच्या भागावरील तीन लीडमध्ये टी-लहर खोल उलटी झाली होती आणि ट्रोपोनिन (हृदयस्नायूला इजा झाली की रक्तात चढणारे प्रथिन) वाढलेले होते. डाव्या बाजूची मुख्य उतरती धमनी वरच्या भागातच फार अरुंद झाली की असे चित्र दिसते. हा लहान झटका होता, आणि मोठा कधीही येऊ शकत होता. अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलचा सुरुवातीचा मोठा डोस, रक्त गोठू न देणारे हेपरिन, स्टॅटिन दिले आणि तासाभरात रुग्णवाहिका नागपूरकडे निघाली. हृदयस्नायूतून झिरपणारे मिर-२०८बी आणि मिर-४९९ अशा वेळी रक्तात चढतात, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. पण काही मिनिटांत आणि थोड्या पैशांत उत्तर देणाऱ्या ट्रोपोनिनपेक्षा ते सरस ठरलेले नाहीत. त्या दुपारी मला उपयोग झाला तो ईसीजीच्या कागदाचा आणि ट्रोपोनिनच्या पट्टीवरच्या फिकट रेघेचा.

परिणाम

अँजिओग्राफीत डाव्या उतरत्या धमनीत ९० टक्के आणि उजव्या धमनीत ६० टक्के अडथळा निघाला. डावीत एक स्टेंट बसवला गेला. हृदयाची पंपिंग क्षमता शाबूत होती.

कॅथलॅबच्या दाराशी पुतण्याने मला फोन केला. “सर, आत्ताच रक्त काढतायत, त्यातलं थोडं पॅनेलसाठी मागून घेऊ का? आता तरी खरं काय ते कळेल.” त्याच्या आवाजात हट्ट नव्हता; आपण काकांना चुकीच्या वाटेला लावले की काय, हे त्याला तपासून पाहायचे होते. मी नको म्हटले. हेपरिन दिलेल्या रुग्णाच्या रक्तात मायक्रोआरएनए मोजण्याची पीसीआर प्रक्रियाच अडते. विशेष विकर (एन्झाइम) वापरून हेपरिन काढून टाकले नाही तर आकडे खोटे येतात. शिवाय दोन बिंबाणूरोधक गोळ्या पोटात गेल्या होत्या. ‘खरं काय’ ते समोरच्या पडद्यावर दिसत होते.

मी त्याला उलट एक प्रश्न विचारला: तुझे स्वतःचे कोलेस्टेरॉल कधी तपासले आहेस का? त्याने कधीच तपासले नव्हते. २४ वर्षांचा, वडील ४६ व्या वर्षी गेलेले, एम.एस्सी. झालेला मुलगा, आणि साडेतीनशे रुपयांची तपासणी राहून गेली होती. त्याचे एलडीएल १८७ आले. त्याच आठवड्यात घरातल्या इतरांचेही रक्त तपासले. रुग्णाच्या १५ वर्षांच्या मुलाचे २०३, १२ वर्षांच्या मुलीचे ९६. मुलाला स्टॅटिन सुरू केले. या विकारात ते आठ ते दहा वर्षांच्या वयापासून देता येते. त्याची आई पहिले दोन महिने घाबरून होती, एवढ्या लहान पोराला हृदयाची गोळी कशी म्हणून.

तीन महिन्यांनी काकांचे एलडीएल ९२ होते. एझेटिमाइब ही कोलेस्टेरॉलची दुसरी गोळी जोडल्यावर ते ७१ वर आले. लक्ष्य ५५ च्या खालचे आहे. पुतण्या आता इन्क्लिसिरानबद्दल विचारतो. वर्षातून दोनदा टोचायचे हे औषध पेशीतली तीच यंत्रणा वापरते जी मायक्रोआरएनए वापरतात: लहानसा आरएनए शिरतो, यकृताला एलडीएल ओढून घेण्यात अडवणाऱ्या पीसीएसके-९ या प्रथिनाचा संदेश मोडतो आणि यकृत रक्तातले एलडीएल जास्त ओढून घेते. तत्त्व पटण्यासारखे आहे, किंमत या घराला सध्या परवडणारी नाही. मिर-३३ अडवणारे औषध का निघत नाही, हाही त्याचा प्रश्न असतो. एक पाटकरी हटवला की बाकीच्या शेतांचेही पाणी बदलते: मिर-३३ दीर्घकाळ बंद ठेवलेल्या उंदरांत काही प्रयोगांत यकृतात चरबी साठली आणि वजन वाढले. शिवाय उंदरांत मिर-३३ चा एकच प्रकार असतो, माणसात दोन.

पुन्हा वेळ आली तर

मी आजही पुतण्याशी विज्ञानावर बोलेन, कारण त्याला टाळले असते तर घरात माझा शब्द चालला नसता. पण आधी नागपूरची तारीख घेईन आणि मग बोलेन. ‘पेरणीनंतर’ हे मान्य करायचेच असेल तर दिवस ठरवून, गोळ्यांचा हिशेब विचारायला आशाताईंना सांगून मान्य करेन. ज्या माणसाचे वर्ष जूनच्या पंधरा दिवसांवर अवलंबून असते त्याला पेरणी सोडून ये म्हणणे सोपे नाही, आणि मी ते म्हटले असते तर तो आला असता असेही मला वाटत नाही. लक्षणे तीन महिन्यांपूर्वीची आणि स्थिर होती, त्यामुळे तातडी किती दाखवायची यावर दुमत होऊ शकते. मात्र केसपेपरवरच्या ओळीबद्दल दुमत नाही. ती मी लिहायला नको होती, किंवा लिहून तिच्यापुढेच ती का मोजायची नाही हे लिहायला हवे होते. त्या रात्रीच्या तरुण डॉक्टरने ईसीजी काढायला हवा होता हे खरे. पण त्याच्या हातात पडलेला कागद माझा होता. नंतर मी त्याला भेटलो तेव्हा त्याने मला तीच ओळ बोट ठेवून दाखवली.

आता अशा अहवालांची छायाप्रत मी फाइलच्या शेवटी लावतो आणि पहिल्या पानावर लाल शाईने एकच वाक्य लिहितो: ‘श्रमाने छातीत दुखते, दुखले की लगेच ईसीजी.’

या कुटुंबातली एक तपासणी अजून बाकी आहे. रुग्णाची बहीण ३९ वर्षांची आहे, शेजारच्या तालुक्यात दिलेली. तिच्याही टाचेमागे गाठी असल्याचे भाऊ सांगतो. दोनदा निरोप गेला. कापसाची वेचणी चालू आहे, संपली की येते, असे उत्तर आले. येत्या मंगळवारी आमचा लॅब टेक्निशियन नळ्या घेऊन तिच्या वावरात जाणार आहे.